नुसती चिमणी नको, गिरणी राखा

प्रति,
केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालय,
राज्य शासनाचा नगरविकास विभाग,
बृहन्मुंबई महानगरपालिका,
मुंबई वारसा जतन समिती,
आणि बंद गिरण्यांच्या जमिनींचे आराखडे ज्यांच्या टेबलावर आहेत असे सर्व

विषय : गिरणगावातल्या उरल्यासुरल्या गिरण्यांची वास्तू आणि कला राखण्याबाबत

महोदय, महोदया,

आपणा सर्वांना मिळून एकच पत्र लिहिते आहे. वेगवेगळं लिहिलं की प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय राहते. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्या केंद्राच्या, विकासाचा नियम राज्याचा, परवानगी पालिकेची आणि वारशाबद्दलचं मत समितीचं. त्यामुळे हे पत्र आपण एकत्र बसून वाचावं. शक्य नसेल तर निदान एकमेकांकडे पाठवताना त्यावर 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' एवढाच शेरा मारू नये.

निमित्त असं. गेल्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या एका बंद गिरणीच्या फाटकावर 'धोकादायक बांधकाम, आत येऊ नये' अशी पाटी लागली. गिरणीचं नाव लिहीत नाही. ते काढून दुसऱ्या कुठल्याही गिरणीचं घातलं तरी पुढचा मजकूर तसाच राहील. विचारपूस केली तेव्हा समजलं की शेड, गोदाम, इंजिनघर सगळं उतरवायचं आणि चिमणी तेवढी ठेवायची. "वारसा राखतोय ना आम्ही," असं म्हणत एका गृहस्थांनी संगणकावरचं चित्रही दाखवलं. मधोमध चिमणी, तिच्यावर खालून निळा उजेड, भोवती हिरवळ, मागे आकाशाला भिडलेला मनोरा आणि मनोऱ्याला गिरणीचंच नाव. चित्र सुबक होतं. त्यात गिरणी कुठेच नव्हती.

माझा या सगळ्याशी संबंध काय, ते आधी सांगते. आजोबा कोकणातून आले आणि त्रासनखात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात लागले. वडिलांचा हात चित्रकलेत बरा होता, म्हणून ते डिझाइन खात्यात गेले. मी शाळेत चित्रकला शिकवते, आणि मला जे येतं त्यातलं निम्मं त्यांच्या टेबलाशी उभं राहून आलेलं आहे. त्या टेबलावर बारीक चौकटींचा कागद असायचा. त्याला पॉइंट पेपर म्हणत. एक चौकट म्हणजे ताण्याचा एक धागा आणि बाण्याचा एक धागा जिथे एकमेकांना ओलांडतात ती जागा. ताण्याचा धागा वर असेल तर चौकट रंगवायची, खाली असेल तर कोरी सोडायची. एवढ्या दोनच शक्यतांतून कोयरी, वेल, मोराची मान, साडीचा काठ उभा करायचा. गोल वळण कापडावर शेवटी पायऱ्यापायऱ्यांनीच उतरतं. म्हणून कुठे एक चौकट जास्तीची भरायची आणि कुठे एक गाळायची, याचा अंदाज वर्षानुवर्षं बसल्यावर हाताला येतो. मग त्या कागदाबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडली जात आणि त्या पट्ट्या जॅकार्डच्या, म्हणजे भोकांबरहुकूम नक्षी विणणाऱ्या साच्यावर चढत. लूमला, म्हणजे मागाला, सगळे साचाच म्हणायचे.

ती गिरणी बंद पडली आणि भंगाराचा लिलाव झाला. डिझाइनची रजिस्टरं, कापडाचे तुकडे डकवलेली नमुन्यांची पुस्तकं, ताग्यांवर चिकटवायची देवादिकांची रंगीत तिकिटं हे सगळं रद्दीत वजनावर गेलं. यंत्रांची यादी होती, पत्र्यांची होती, लाकडी कपाटांचीसुद्धा होती. कपाटांत काय होतं, त्याची नव्हती. कितीतरी जणांनी डोळे फोडून केलेलं काम एका टेम्पोत मावलं. त्या दिवसाबद्दल वडील पुढे कधी फारसं बोलले नाहीत. मी बोलते आहे, कारण हेच अजून काही फाटकांआड व्हायचं बाकी आहे.

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीचा घाट घातला, १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि पुढे एकेक गिरणी कशी बंद पडत गेली ते गिरणगावात कोणाला सांगावं लागत नाही. मी ते इथे उगाळत नाही. जे अजून उभं आहे त्याच्याबद्दल बोलते.

आधी गिरणी म्हणजे काय, यावर आपलं एकमत व्हायला हवं. गिरणीच्या शेडचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं असतं. प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि तिचं तोंड उत्तरेला. त्यामुळे ऊन थेट आत येत नाही, पण उजेड दिवसभर सारखा मिळतो. साच्यावरच्या माणसाला तुटलेला धागा दिसावा आणि रंगाची छटा सकाळी एक, दुपारी दुसरी भासू नये, यासाठी हा सगळा खटाटोप. दोन दात्यांमधल्या पन्हळीत पावसाचं पाणी जमतं. काही शेडमध्ये ते बिडाच्या पोकळ खांबांतूनच खाली उतरवलेलं असे, म्हणजे जो खांब छप्पर पेलतो तोच पाणीही वाहून नेतो. बाजूला बॉयलर. त्याची वाफ इंजिनाला, इंजिनाची गती जाड दोरखंडांनी मजल्यामजल्यावरच्या शाफ्टला, शाफ्टवरून चामडी पट्ट्यांनी यंत्रांना. वाफेचं पुन्हा पाणी करायला आवारात तळं. आणि बॉयलरला ओढ मिळावी म्हणून विटांची, चुन्यात बांधलेली उंच चिमणी. उजेड, पाणी, वाफ, गती आणि त्यात उभा असलेला माणूस, असा हा एक जोडलेला पसारा आहे. त्यातली चिमणी ठेवून बाकीचं पाडलं, तर राखला जातो तो फक्त धुराचा रस्ता.

कलेचंही तसंच. गिरणीची कला म्हटलं की हल्ली कंपाउंडच्या भिंतीवर कामगाराचं भलंमोठं चित्र काढून घेतात. चित्रकाराला काम मिळतं, फोटो चांगले येतात, माझी तक्रार नाही. पण गिरणीची स्वतःची कला आत होती. डिझाइन खात्याचे कागद होते. छपाईचे ठोकळे आणि रूळ होते. खात्याखात्यात कामगारांनी वर्गणी काढून बसवलेले देव होते. दसऱ्याला यंत्रांची पूजा व्हायची, झेंडूची तोरणं लागायची आणि त्या दिवशी बायकापोरांना आत सोडायचे. आपला बाप कुठे उभा राहतो, हे आमच्या पिढीने त्या दिवशी पाहिलं. फाटकाबाहेर शाहिरी होती, कामगार रंगभूमी होती, लालबागचं भारतमाता चित्रपटगृह होतं, आणि त्याच्याखालची जमीनही गिरणीचीच. यातलं काही चिमणीवर टांगता येत नाही.

आता तक्रारी.

पहिली, श्रेणीची. मुंबईची वारसा नियमावली १९९५ ची. पहिल्या श्रेणीच्या वास्तूला हात लावायचा नाही, दुसरीत आतले बदल चालतात, तिसरीत त्याहून मोठे फेरफार चालतात, असा तिचा ढोबळ अर्थ. देवळाला, बंगल्याला, स्थानकाला ही पट्टी ठीक आहे. गिरणीला ती उलटी बसते, कारण गिरणीचं जे काही मोलाचं आहे ते आत आहे. बाहेरून बहुतेक गिरण्या म्हणजे एक लांबलचक भिंत आणि एक फाटक. आतलं बदलायची मुभा देऊन भिंत राखणं म्हणजे पेटी गमावून कुलूप जपणं झालं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं, २०१८ साली ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारती गेल्या. अभिमानच आहे. पण फोर्टातली ही श्रीमंती ज्या कापसावर आणि कापडावर उभी राहिली, ते कापड जिथे निघालं त्या इमारतींकडे बघताना आपला चष्मा एकदम वेगळा का होतो?

दुसरी, 'धोकादायक' या शिक्क्याची. तो मारण्याआधी तपासणी होते, हे मान्य. तपासणी कोण आणि कशी करतं, हा प्रश्न आहे. हातोडीसारखं उपकरण आपटून काँक्रीटची मजबुती जोखायची पद्धत चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंतीला लावून काही उपयोग नाही. बीड दाबाला भक्कम आणि ताणाला कच्चं असतं; त्याचा हिशेब सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या खांबासारखा करता येत नाही. चुन्याच्या भिंतीला तडा गेला की त्यात सिमेंट कोंबतात. मग आतली ओल बाहेर पडत नाही, वीट भुसभुशीत होते, आणि पुढच्या तपासणीत भिंत अजून 'धोकादायक' ठरते. शेड कोसळतात त्या म्हातारपणाने कमी आणि पन्हळी तुंबल्यामुळे जास्त. पानं साचतात, मातीचा थर होतो, त्यात पिंपळ रुजतो, पाणी उलटं फिरून लाकडी वाशांत मुरतं. दरवर्षी पावसाआधी चार माणसं वर चढवून पन्हळी साफ केल्या असत्या तर निम्म्या पाट्या लावाव्याच लागल्या नसत्या. आधी वाऱ्यावर सोडायचं आणि मग मोडकळीस आलं म्हणून पाडायचं, याला तपासणी म्हणत नाहीत.

तिसरी तक्रार जरा किचकट आहे, पण तीच मुळाची. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ ने गिरणीच्या जमिनीचा ढोबळमानाने एक हिस्सा मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला, अशी वाटणी घातली होती. २००१ साली नियम बदलला. वाटायची ती फक्त आधीच मोकळी असलेली जमीन; इमारत पाडल्यावर जी मोकळी होते ती वाटणीत नाही. उच्च न्यायालयाने बदल अडवला, २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. निकालावर मला काही म्हणायचं नाही. पण नियमाचा परिणाम पाहा. शेड उभी आहे म्हणून तिच्याखालची जमीन लोकांना द्यायची नाही, आणि जमीन द्यायची नाही हे पक्कं झालं की तीच शेड पाडायची. कागदावर ती इमारत होती म्हणून शहराला मैदान मिळालं नाही, आणि प्रत्यक्षात ती इमारतही मिळाली नाही. १९९६ साली वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने सार्वजनिक गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित विचार करून दाखवला होता. तो बासनात गेला आणि पुढे एकेक गिरणी सुटी सुटी विकली गेली.

चौथी, संग्रहालयाची. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायचं, ही घोषणा दहा वर्षांहून जुनी आहे. जागा उत्तम आहे. शेड आहेत, तळं आहे. पण या विषयावरची चर्चा जेव्हा बघावी तेव्हा कारंजी, रोषणाई आणि ध्वनी-प्रकाश खेळाची असते. संग्रहात काय असणार, यंत्रं कुठली, ती चालवणार कोण, नमुन्यांची पुस्तकं कुठून आणणार, यावर बोलणारं कोणी भेटत नाही. अमेरिकेतल्या लोवेल गावात १९७८ साली कापड गिरण्यांचं राष्ट्रीय उद्यान झालं. तिथल्या बूट गिरणीत आजही साचे चालवून दाखवतात, कान बधिर होतील असा तो आवाज ऐकवतात. जपानातल्या तोमिओकाची रेशीम गिरणी १८७२ ची, १९८७ साली बंद पडली. ज्या कंपनीकडे ती होती तिने २००५ मध्ये गावाच्या हवाली करेपर्यंत स्वतःच्या खर्चाने तिची डागडुजी केली, आणि २०१४ साली ती जागतिक वारसा ठरली. बंद पडल्यानंतरची ती अठरा वर्षं नीट गेली म्हणून हे जमलं. आपल्याकडे घात होतो तो नेमका याच मधल्या काळात.

पाचवी, वेळेची. महामंडळाच्या टाटा, पोदार, दिग्विजय यांसारख्या मोजक्या गिरण्या मार्च २०२० च्या टाळेबंदीपर्यंत चालू होत्या. म्हणजे ती यंत्रं कालपरवापर्यंत फिरत होती आणि ती फिरवणारे हात अजून आहेत. जॉबर म्हणजे खात्याचे मुकादम, फिटर, सूत गुंडाळणाऱ्या वाइंडिंगवाल्या बाया यांच्याशी कोणी वही घेऊन बसलं आहे का? तुटलेलं सूत दोन बोटांत जोडताना चिमटा कुठे धरायचा, आवाजावरून बेअरिंग गेल्याचं कसं ओळखायचं, बोलणं ऐकू येत नसताना ओठांवरून कसं समजून घ्यायचं, हे कुठल्याही नकाशात लिहिलेलं नाही.

सहावी थोडक्यात. जुन्या गिरणीत कशीही हॉटेलं आणि कचेऱ्या कोंबणं म्हणजे पुनर्वापर नव्हे. २९ डिसेंबर २०१७ ला, मध्यरात्र उलटल्यावर, कमला मिलच्या आवारात, गच्चीवरच्या उपाहारगृहांच्या आगीत चौदा जीव गेले. गिरणीवाल्यांना आगीचं भय ठाऊक होतं. कापसाचा तंतू किती झटकन पेटतो हे माहीत असल्यामुळेच ते छपराखाली पाण्याचे नळ फिरवायचे आणि मनोऱ्यावर टाकी ठेवायचे. वारशाच्या नावाखाली जागा भाड्याने देताना त्यांच्याएवढी तरी काळजी घ्या.

आता नेहमीचा आक्षेप येईल : कामगारांना घरं द्यायची की भंगार जपायचं? हा प्रश्न मला तोंडावर विचारला गेला आहे, आणि विचारणारा कामगाराचाच मुलगा होता, म्हणून टाळत नाही. घरासाठी दीड लाखाच्या आसपास कामगार आणि वारस अर्ज करून बसले आहेत, त्यातले कित्येक वाट बघत गेले. घर आधी, यात मला तिळमात्र शंका नाही. पण ती घरं एखाद्या शेडमुळे अडलेली नाहीत. ती वर सांगितलेल्या नियमामुळे अडली, आणि हिशेब टाळण्यामुळे अडली. जिथे शेड पाडल्या तिथे घरं कामगारांना मिळाली असती, तर आज परळचे मनोरे कामगारांनी भरलेले दिसले असते. घर आणि गिरणी यांची झुंज लावून देऊ नका. दोन्ही आमच्याच आहेत.

आमच्या मागण्या अशा :

१. महामंडळाच्या मुंबईतल्या बंद गिरण्यांमध्ये आज काय उभं आहे आणि काय पडून आहे याची यादी सहा महिन्यांत करून जाहीर करा. इमारती, यंत्रं आणि कागद, तिन्हींची. यादी होईपर्यंत कुठलाही लिलाव नको आणि पाडकाम नको. रजिस्टरं, नकाशे, नमुन्यांची पुस्तकं, तिकिटं, हजेरीपट राज्य पुराभिलेखाकडे द्या.

२. किमान एक गिरणी अखंड राखा. गोदामापासून बॉयलरपर्यंत, छपरासकट, तळ्यासकट, यंत्रांसकट. दहा चिमण्यांपेक्षा आम्हाला ती एक चालेल.

३. गिरणीला वारसा श्रेणी देताना आतली रचना, म्हणजे छप्पर, खांब आणि शाफ्ट यांचा उल्लेख आदेशात करा. तो नसेल तर आत काय पाडलं हे कोणाला कळतही नाही.

४. 'धोकादायक' शिक्का मारण्यापूर्वी चुना, वीट, बीड आणि लाकूड यांच्या कामाचा अनुभव असलेल्या संवर्धन अभियंत्याचं मत सक्तीचं करा. अहवाल संकेतस्थळावर टाका, फोटोंसकट.

५. काळाचौकीच्या संग्रहालयाचा संग्रह-आराखडा आधी आणि कारंजी नंतर. निर्णय घेणाऱ्या समितीत माजी कामगार, त्यात बायाही, आणि डिझाइन खात्यात काम केलेलं कोणीतरी हवं. नुसतं उद्घाटनाला बोलावणं नको.

६. हयात कामगारांच्या आठवणी आणि कौशल्यं ध्वनिचित्रमुद्रित करण्याचं काम यंदाच सुरू करा. याला जमीन लागत नाही आणि कोणाची परवानगीही लागत नाही, त्यामुळे इथे सबब नको.

७. गिरणीचं नाव मनोऱ्याला देणाऱ्या विकासकाला त्याच आवारात, लोकांना फुकट जाता येईल अशा जागी, त्या गिरणीचा इतिहास आणि वाचलेले अवशेष मांडणं बंधनकारक करा. नाव वापरायचं असेल तर त्याची किंमत मोजावी.

या पत्राचं उत्तर मराठीत आणि जाहीर द्यावं, अशी विनंती आहे. उत्तराला वेळ लागेल, याची कल्पना आहे. यादी, श्रेणी, समित्या यांनाही लागेल. पावसाला मात्र लागत नाही. तोवर निदान ज्या गिरण्यांवर अजून छप्पर आहे त्यांच्या पन्हळी मे महिन्यात साफ करून घ्या. काही दिवसांचं काम आहे. आत कुठून चढायचं हे ठाऊक असलेले माजी कामगार आणि वास्तुशास्त्राची मुलं यायला तयार आहेत, विमा आणि दोर-पट्ट्यांची व्यवस्था आम्ही वर्गणीतून करू. आपण फक्त तारीख कळवा आणि त्या दिवशी फाटक उघडं ठेवा.

आपली,
लालबागची एक चित्रकला शिक्षिका